मैदानाची परीक्षा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीमागच्या उघड्या मैदानावर एक चाचणीवाला इंजिनिअर आम्हा छोट्या कारखानदारांच्या मशिनी तपासायचा. चालू मशीन हवेत किती रेडिओ लहरी सोडते, ते लांबच्या अँटेनावर मोजायचा. जास्त सोडल्या की नापास. पण आधी तो मैदानालाच परीक्षेला बसवायचा. घड्याळ, किल्ल्या काढून ठेवायचा, लाकडी टेबलावर बॅटरीवरचा एक डबा मांडायचा आणि म्हणायचा, "बोल बाबा." त्या डब्यातून किती लहरी निघतात, हे आधीच पक्कं ठाऊक असायचं. तेवढाच आकडा आला तर मैदान खरं. काम संपल्यावर पुन्हा तेच.

त्या दिवशी माझा स्टॅबिलायझर पास झाला. मोठी ऑर्डर त्यावरच अडली होती. मी स्कूटरला किक मारतो तोच हाक आली, "शेठ, थांबा! डबा कमी बोलून राह्यलाय." अँटेनाची वायर मधेच सैल झाली होती, म्हणून माझ्या मशीनचाही आकडा कमी आला होता.

"पास झालेलं नापास करता का साहेब?" मी ओरडलो.

"पास झालंच न्हाई, शेठ. मैदान खोटं बोललं."

त्यानं वायर घट्ट केली, डब्याचा आकडा बघितला आणि माझी मशीन पुन्हा लावली. नापास. मी तोंडात शिव्या धरून उभा, तर हा परत डबा मांडायला लागला.

"आता कशाला?"

"नापास चुकीचं निघालं, तर तुमच्यावर अन्याय होईल ना."

डब्यानं बराबर आकडा दाखवला. ऑर्डर गेली. राग अजून आहे, पण त्या माणसावर तो कसा काढायचा, हे मला आजवर जमलेलं नाही.