फिर्यादीतली लाल टाकी

ती फिर्याद मला आजही जशीच्या तशी आठवते. अकोल्यातल्या एका ठाण्यात मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. दुपारची वेळ होती, ठाणे अंमलदार डबा उघडून बसला होता, म्हणून आलेल्या माणसाला मी माझ्याच टेबलासमोर बसवलं. जठारपेठेतले साठी उलटलेले गृहस्थ, एका कार्यालयातून निवृत्त झालेले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. घरामागच्या टिनाच्या शेडमधून त्यांची जुनी मोटारसायकल चोरीला गेली होती.

वाहनचोरीच्या फिर्यादी मी आयुष्यभर लिहून घेतल्या. लोकांना स्वतःच्या गाडीचा नंबरही धड सांगता येत नाही, रंग विचारला की बायकोच्या तोंडाकडे बघतात. या काकांना मात्र सगळं पाठ होतं. चेसिस नंबर, इंजिन नंबर, आणि वर्णन तर असं की गाडी डोळ्यांपुढे उभी राहावी. लाल टाकी, तिच्यावर सोनेरी पट्टी, चकचकीत मडगार्ड, तपकिरी शिवलेली सीट. "आवाज असा हाय साहेब, का मानूस रस्त्यात थांबून पायते," असंही ते म्हणाले. ते फिर्यादीत बसत नव्हतं म्हणून मी गाळलं. बाकी शब्द न् शब्द लिहिला आणि मनात म्हटलं, फिर्यादी असावा तर असा.

"शेडमध्ये अजून गाड्या आहेत?" मी विचारलं.

"आठ हायेत."

"चालवता?"

"नाई."

"दुरुस्त करून विकता?"

"नाई."

"मग ठेवल्या कशाला?"

"माह्या हायेत म्हनून," ते म्हणाले, आणि मी काहीतरी खुळचट विचारल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

कलम ३७९, अज्ञात आरोपी, अशी नोंद झाली. घटनास्थळाचा पंचनामा करायला मी हवालदाराला पाठवलं. एवढी चकचकीत गाडी शेडमध्ये नुसती उभी करून ठेवणारा माणूस मला तेव्हाच खटकायला हवा होता. खटकला नाही, त्याचं कारण पुढे येईल.

चार दिवसांनी खबर आली. पातूरच्या रस्त्यावर पंक्चर काढणारा एक जण आमचा जुना खबऱ्या. तो म्हणाला, "साहेब, तुमी म्हनता तशी लाल गाडी पातूरले हाय. शिकवन्या घेनारा एक मास्तर चालवून रायला." आम्ही जीप काढली. दोन खोल्यांच्या घरापुढे गाडी स्टँडवर लावलेली, आणि सव्वीस-सत्तावीस वर्षांचा एक तरुण जुन्या बनियनच्या फडक्याने तिची टाकी पुसत होता. मी वाकून चेसिस नंबर वाचला. आकडा न् आकडा जुळला.

तरुण पळाला नाही की रडला नाही. "हात धुऊ द्या साहेब, ग्रीस लागलं हाय," एवढंच म्हणाला. त्याची आई दारात आली. दुसऱ्यांच्या वावरात मजुरी करणारी बाई, डोक्याला फडकं अजून तसंच बांधलेलं. ती मला म्हणाली, "साहेब, याची शाळेत नोकरी लागून रायली. चौकशीचा कागद इथल्या ठान्यात आलाय. पोराचं काही कमीजास्त करू नका."

म्हणजे चारित्र्य पडताळणी चालू होती. चोरीच्या गुन्ह्यात अटक झाली तर त्या कागदावर काय शेरा जातो, हे मला सांगायची गरज नव्हती. तिलाही नव्हती.

गाडी टेम्पोत घालून ठाण्यात आणली. आवारात मुद्देमालाच्या गाड्या गंजत पडलेल्या असतात, त्यांच्याच रांगेत ती उभी केली. तरुणाला माझ्या खोलीत घेतलं आणि चौकशी सुरू केली.

त्याचं म्हणणं सरळ होतं. गाडी दोन वर्षांपूर्वी त्याने काकांकडूनच विकत घेतली होती. पाच खेपा घातल्या, काका दारातूनच परत पाठवायचे. सहाव्यांदा म्हणाले, ती कोपऱ्यातली घेऊन जा. त्यांनी नाव बदलायच्या कोऱ्या फॉर्मवर सही करून दिली, नोंदणी पुस्तक मात्र सापडलं की देतो म्हणाले. नोंदणीची मुदत संपलेली होती, म्हणून गाडी पूर्ण तयार झाल्यावर परिवहन कार्यालयात न्यायची असं त्याने ठरवलं होतं. आमच्याकडे अर्ध्या जुन्या गाड्या अशाच चालतात. कागद एकाच्या नावावर, आणि सीटवर दुसराच.

हवालदाराने घरून तो फॉर्म आणला. मी काकांना बोलावून दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फॉर्म उलटापालटा केला आणि म्हणाले, "माही सही नाई." काम संपलं. हस्ताक्षर तज्ज्ञाचा अहवाल यायला महिने लागतात, आणि सही केलेले कोरे फॉर्म चोरांकडेही सापडतात. काकांना मी घरी पाठवलं.

मी तरुणाला खोटं पाडण्यासाठी विचारलं, "गाडी तू तयार केलीस म्हणतोस, तर सांग कशी केली." मला वाटलं, अडखळेल. तो अर्धा तास बोलला. पिस्टन जाम होता, तो पंधरा दिवस डिझेलमध्ये भिजत ठेवला. सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं, ती पातूरच्या चांभाराकडून नवी शिवून घेतली. टाकीला सात ठिकाणी भोकं होती, ती बुजवून मग लाल रंगाचे दोन हात दिले, सोनेरी पट्टी स्वतः ओढली. बोलता बोलता तो पोलीस ठाण्यात बसलाय हेच विसरला. चेहरा असा खुलला होता, की मला तो बघवेना.

खरं तेच लिहायचं तर, मी त्याच्यावर जळत होतो. अमरावतीच्या माझ्या घरी तेव्हा माझी मोटारसायकल ताडपत्रीखाली उभी होती. नोकरी लागल्यावर घेतलेली, तेरा वर्षं बंद. बायको म्हणायची विकून टाका, मी म्हणायचो सुटीत चालू करतो. कुणी मागितली की मी माणसाला तोडून बोलायचो. म्हणून तर काकांचं 'माह्या हायेत म्हनून' मला अगदी बरोबर वाटलं होतं. आणि इथे हा पोरगा, ना गॅरेज ना हाताशी कुणी, शिकवण्या घेऊन उरलेल्या वेळात मेलेली गाडी उठवून बसला होता. आपण जळतोय हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही, चांगलं कळत होतं. तरीही मी टेबलावर हात आपटला, त्याला उभा केला आणि हवालदाराला अटक फॉर्म आणायला सांगितला.

तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "साहेब, गाडी ठेवून घ्या. मले गाडी नको. पन नाव चढवू नका. मायनं लोकायच्या वावरात निंदन करून मले शिकवलं. माय मरून जाईन साहेब."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पेन उघडला.

फॉर्ममध्ये जप्त मालाचं वर्णन लिहायचं असतं. ते उतरवायला मी फिर्याद पुढे ओढली. 'लाल टाकी, सोनेरी पट्टी' एवढं लिहिलं आणि शेजारी काकांनी दिलेलं नोंदणी पुस्तक होतं तिकडे नजर गेली. रंगाच्या रकान्यात 'काळा' लिहिलं होतं. गाडी काकांच्या शेडमधून गेली असेल, तर लाल रंग तिथेच दिलेला असायला हवा. नाहीतर लाल टाकी काकांनी पाहिली कुठे? मी हवालदाराला विचारलं, "पंचनाम्याला शेडच्या आत गेला होतास ना?" तो जमिनीकडे बघायला लागला. फाटकातूनच उरकलं होतं. चूक त्याची जेवढी, तेवढीच न बघता सही करणाऱ्या माझी.

हवालदाराला घेऊन मी स्वतः जठारपेठेत गेलो. काकूंनी दार उघडलं आणि मला शेडमध्ये नेलं. आठही गाड्यांच्या चाकांत हवा नव्हती. एकीच्या हँडलवर कबुतराने काड्या रचल्या होत्या, एकीची साखळी गंजून दोरीसारखी ताठ झाली होती. पुसलेली, रंगवलेली एकही नव्हती.

"काकू, यातली लाल गाडी चोरीला गेली ना?"

"लाल?" काकू हसल्या. "बाप्पा! लाल गाडी आमच्या घरी कदी नोतीच. इथं सगळ्यायचा एकच रंग, गंजाचा. आठ सवती हायेत माह्या साहेब. मले कदी मांगं बसवून देवळात नेलं नाई, अन् यायच्याजोळ रोज संध्याकाळी येऊन हुभा रायते मानूस. नववी व्हती, थे दोन वर्सामांगं पातूरच्या एका पोट्ट्याले देऊन टाकली. तेवढीच जागा झाली."

"तू चूप बस," मागून आवाज आला. काका शेडच्या दारात उभे होते.

मी काकूंना आत जायला सांगितलं. मग काकांना विचारलं, "लाल टाकी कुठे पाहिली?"

 काका एका बसलेल्या गाडीच्या फाटक्या सीटवर टेकले.

"चौकात. भाजी घेऊन रायलो व्हतो. आवाज आला. तो आवाज म्या तीस वर्सात आयकला नोता, पन वळकला. वळून पायतो त हा पोट्टा. लोक त्याले थांबवून इचारून रायले, काय गाडी हाय, काय गाडी हाय. त्यानं माहं नावबी घेतलं नाई."

"मुळात तुम्हीच दिली ना त्याला?"

"देली. पन काहून देली मालूम हाय? या आठ कवातरी चालू होऊ शकतात. थेच एक अशी व्हती, का कोनाच्या बापानं चालू झाली नसती. तीन मिस्तऱ्यायनं हात टेकले व्हते. म्हनलं, घेऊन जाय अन् बस डोकं फोडत." त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. "अन् त्यानं चालू केली साहेब."

"मग या आठ तुम्ही का दुरुस्त करत नाही?"

"केली अन् नाई झाली त? तशीच हुभी असली त आशा रायते. अन् इकावी म्हनलं, त दुसरा चालवन. थे मले पायवत नाई."

 जबाब लिहायला हवालदाराला आत बोलावलं आणि मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

ठाण्यात आल्यावर मी तो अर्धा लिहिलेला अटक फॉर्म फाडला. काकांनी विक्री झाल्याचा आणि सही आपलीच असल्याचा जबाब दिला होता. खोट्या फिर्यादीबद्दल त्यांच्यावर कारवाई होऊ शकत होती. तरुणाला विचारलं, तर तो म्हणाला, "नको साहेब. मले फक्त घरी जाऊ द्या." मी 'गैरसमजातून दिलेली फिर्याद' असा अहवाल पाठवला. काटेकोर अधिकारी याला सौम्यपणा म्हणेल. मी म्हणतो, त्या माणसाने जळून फिर्याद लिहवली आणि मी जळून अटक फॉर्म भरायला घेतला. त्याच्यावर गुन्हा लावताना माझा हात उचलेना.

तो तरुण आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. ती नोकरी हातची जायला एक फॉर्म आणि एक पेन एवढंच अंतर उरलं होतं. त्यानंतर नोकरीत मी एक सवय लावून घेतली. फिर्यादी काय हरवलं ते सांगतो, तेव्हा ते त्याला कधीपासून आठवायला लागलं, हेही विचारायचं. आणि आरोपीवर मला राग आलाच, तर तो त्याच्या गुन्ह्याचा आहे की त्याच्या नशिबाचा, हे पेन उघडण्याआधी स्वतःला विचारायचं.

कोर्टाच्या आदेशाने गाडी परत द्यायच्या दिवशी काका सही करायला आले होते. तरुणाने किक मारली, दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. आवारातले शिपाई गोळा झाले. तो काकांना म्हणाला, "बसा काका, एक चक्कर मारून आनतो."

"नको," काका म्हणाले. "एक काम कर. जठारपेठेतून नको जाऊ. दुसऱ्या रस्त्यानं जाय."

त्याने मान हलवली आणि तो फाटकातून बाहेर पडला. गाडी वळणापर्यंत गेली, तिथे त्याने गिअर बदलला. काका कान लावून ऐकत होते. मीही ऐकत होतो.

"साहेब," काका म्हणाले, "दुसऱ्या गिअरले थोडी अडकते ना?"

"हो," मी म्हणालो. "अडकते थोडी."

गाडी कुठेही अडकली नव्हती. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.