कांद्याच्या ट्रकातली झोप

रत्ना गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात, शाळेत वर्गावर होते. काविळीचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं... आमच्या गावी, मैंदर्गीला पोचले, तर तिच्या दारात बसलेल्या मंडळींतलं कुणीतरी हळूच म्हणालं, "ट्रकात झोपली आन् अपघात केला, तीच न्हवं का ही?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या बाईची गावाला आठवण काय, तर ही! तीही खोटी. खोटी आहे हे ठाऊक असलेली मी मात्र तोंड मिटून बसले.

आम्ही एका गावच्या, एका वर्गातल्या. सकाळच्या एसटीनं गेलं की सोलापूरच्या कॉलेजात पहिला तास बुडायचा. रत्नानं उपाय काढला, ट्रकला हात करायचा. माझी पाचावर धारण बसली. पण ती फाट्यावर कंबर कसून उभी. कर्नाटकाकडचा ड्रायव्हर असला की विचारायची, "ऊटा आतेन्री, अण्णा?" जेवलात का म्हटल्यावर तो खूशच व्हायचा. तिचा नियम एकच होता. लिफ्ट घेतली की ड्रायव्हरशी बोलत राहायचं, त्याचा डोळा लागू द्यायचा नाही. जाताना एकीनं बोलायचं, दुसरीनं डुलकी काढायची, येताना उलट. त्या केबिनमध्ये बसून आम्ही परीक्षेचा इतिहास पाठ केला, ड्रायव्हरांच्या पोरींची लग्नं ठरवली, पोट धरधरून हसलो. तसं मोकळं मी पुन्हा कधीच जगले नाही.

शेवटच्या वर्षाला, भर एप्रिलातली दुपार होती. कांद्याचा ट्रक होता आणि परतीच्या वाटेवर बोलायचं होतं मी. रत्ना निर्धास्त झोपलेली. उन्हानं माझे डोळे मिटले, मग ड्रायव्हरचे... ट्रक रस्त्याकडेच्या चारीत गेला. बाकी सगळे वाचलो, रत्नाचं मनगट तेवढं मोडलं.

माझे वडील, आप्पा, ओसरीवर उभे राहून गरजले, "कुणामुळं झालं ह्ये?" मी तोंड उघडणार तोच रत्नानं माझा पाय दाबला. "मी झोपले, काका. आज मी बोलायचं हुतं." माझं नाव निघालं असतं तर माझं कॉलेज बंद होऊन मी महिन्याभरात बोहल्यावर चढले असते, हे दोघींना ठाऊक होतं. आप्पांनी तिला दार बंद केलं. बौद्धवाड्यातली पोर, त्यांना ते जड गेलं नाही, हेही लिहून टाकते. मला सोलापूरच्या वसतिगृहात ठेवलं. रत्ना प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून दुसऱ्या हातानं ट्रक थांबवत राहिली. एकटी.

मी म्हणायची, "सांगून टाकते गं." ती म्हणायची, "आदी परीक्षा दे की." परीक्षा झाली, नोकरी लागली, लग्न झालं. पुढं मी म्हणायचंच सोडलं. भित्री होते, दुसरं काय!

परवा तिच्या आईपुढं बसून सगळं ओकले. बाई म्हणाली, "मला सांगून काय उपेग, बाय? नावं गावानं ठिवली. गावाला सांग."

तिथून उठून थेट घरी गेले, आप्पांना सांगितलं. आप्पा आता थकलेत. म्हणाले, "आता कशाला उकरतीस? झाकली मूठ ऱ्हाऊ दे."

"मूठ माझी होती, आप्पा. झाकत बसली रत्ना."

म्हणून हे लिहिलं आहे. आमच्या गावात पारावर वर्तमानपत्राची ही पुरवणी मोठ्यानं वाचतात. वाचणाऱ्यानं इथं आवाज जरा आणखी चढवावा: रत्ना त्या दुपारी तिच्या हक्काची झोप घेत होती. जागं राहायचं होतं मी.