शाळेच्या फाटकापुढच्या दोन धारा

आता कसं सांगू तुम्हाला, केडगावात मला पोरं पळवणारा म्हणून धरलं होतं! होय, मला! थांबा, लगेच हसू नका. चहा संपवा, नाहीतर अंगावर सांडाल. चूक सगळी माझीच होती, आणि ती मी इतकी नीट केली होती की वेळेसकट वहीत लिहून ठेवली होती.

मी सातवीत शाळा सोडली. तेव्हापासून दुधाचा पिकअप चालवतो. पारनेर तालुक्यात आमचं गाव. तिथलं दूध गोळा करायचं आणि डेअरीला पोचवायचं. घरात शिकलेला एकच, माझा दादा. सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला होता. गावावरून रोज मोटारसायकलनं जायचा, यायचा. जानेवारीत एके दिवशी गेला आणि आला नाही. हायवेवर ट्रकनं उडवलं.

याच्या पुढं मला त्याबद्दल बोलता येत नाही, म्हणून सरळ पुढचं सांगतो.

कंपनीनं त्याच्या जागी वहिनीला घेतलं. त्यांची पोरगी ओवी, तेव्हा दुसरीत. वहिनी म्हणाल्या, "मी स्कूटी घेते, जाईन येईन." मी म्हणालो, "त्या रस्त्यानं? दोन चाकावर? माझ्या मेल्यावर!" आणि जीभ चावली. आमच्या घरात तसं बोलायचं नसतं आता.

मग संगमनेरहून वहिनींचे वडील आले. तात्या. खाली बघत म्हणाले, "परीक्षा झाली की दोघींना घेऊन जातो. तिकडं शाळा हाय, आपली मानसं हायेत."

 दोघी गेल्या तर घरात उरणार कोण? आई, मी आणि चार गाई. त्यातल्या गाईच तेवढ्या बोलणाऱ्या.

"तात्या, मला पंधरा दिवस द्या," मी उभाच राहिलो. "नगरला जागा बघतो. शाळा चांगली, वस्ती चांगली, आन् वहिनींना कंपनीच्या बसनं जाता येईल आशी."

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू बघनार? शाळा?"

"मीच बघनार!"

कारण होतं ना. दादाच्या डायरीच्या पहिल्या पानावर त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'ओवी तिसरीला नगरला. जूनच्या आत जागा बघणे.' पुढची सगळी पानं कोरी. ती मी भरायची ठरवली.

आता शाळा कशी बघतात, हे मला कुठं ठाऊक? मला गाय बघता येते. घोडेगावच्या बाजारात दादानंच शिकवलं होतं. विकणारा आदल्या संध्याकाळी गाईचं दूध काढतच नाही. सकाळी कास टम्म दिसते आणि गिऱ्हाईक फसतं. दादा म्हणायचा, "मालकाचं ऐकू नको. न सांगता जा, सकाळची धार बघ, संध्याकाळची धार बघ, मग बोल."

म्हटलं, शाळेलाही हाच कायदा!

सावेडीला शाळा भरपूर, पण सुप्याच्या बससाठी वहिनींना अख्खं नगर ओलांडावं लागलं असतं. भिंगारचंही तेच. केडगाव मात्र पुण्याच्या रस्त्यालाच. कंपनीची बस चौकात थांबते, आणि तिथून आत एक शाळा. शाळेचं नाव नाही सांगत, तुम्ही जाऊन माझी आठवण काढाल.

पहिल्या दिवशी सकाळी सातला फाटकासमोर पिकअप लावला आणि डायरी घेऊन बसलो. पोरं येताना बघितली, दुपारी सुटताना बघितली. मधल्या वेळात सुप्यापर्यंत गाडी मारून वेळ मोजली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. एकाच दिवसाच्या धारेवर कोण विश्वास ठेवतो?

पण नुसतं बघून काय कळतं? वैरण घालणाऱ्याला विचारावं लागतं. इथं वैरण खाणाऱ्यांनाच विचारावं म्हटलं. दुपारी शाळा सुटली. एक गुबगुबीत पोरगं फाटकाशी उभं होतं. मी खाली उतरलो.

"काय रे बाळा, बाई मारतात का?"

ते लाजलं. मी खिशातला बिस्किटांचा पुडा पुढं केला. दुधावर जाताना ओवीसाठी घेतलेला असतो नेहमी.

"घरी न्यायला कोण येतं तुला?"

"मी येते!" असा आवाज आला आणि माझी मान मागं गेली.

एका काकूंनी कॉलर धरली होती. काकू म्हणजे काय! एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात मी. नातवाला न्यायला आल्या होत्या.

"कालपास्नं बघतेय तुला! कोन रे तू?"

"काकू, मी शाळा बघतोय!"

"तुझं वय काय, शाळा काय! ओ वॉचमनमामा! गाडी बघा याची!"

वॉचमनमामांनी पिकअपचं दार उघडलं. आत काय निघालं? वासराचं दावं. तीन रिकामी पोती. आणि लहान मुलीचा एक बूट. एकच!

गर्दी एक पाऊल पुढं सरकली. त्या एका पावलाला मी आजही घाबरतो.

"पोती कशाला रे?" काकूंनी विचारलं.

"पेंडीची हायेत!"

"आन् बूट?"

"पुतनीचा हाय! मापाला आनलाय!"

"दुसरा कुठंय?"

"तिच्या पायात!"

आता हे खरं होतं की नाही? दुसरा घालूनच ती अंगणात लंगडी खेळत होती. पण खरं असून ऐकायला किती वाईट वाटतं बघा!

काकूंनी पिशवी खाली ठेवून माझ्या हातातली डायरी ओढली आणि मोठ्यानं वाचायला लागल्या.

"'फाटक सातला उघडतं. वॉचमन एक. सव्वाअकराला डुलकी.'"

"खोटंय!" वॉचमनमामा ओरडले.

"'मागची भिंत कमी उंच. एकटी घरी जाणारी पोरं नऊ. शाळा ते हायवे चार मिनिटं. हायवे ते सुपा चोवीस.' अगं बाई, याचा तर पुरा बेत तयार हाय!"

कुणीतरी मोबाईलवर माझा फोटो काढला. पालकांच्या ग्रुपवर टाकायला. आणि मला, दुधाच्या व्यवसायातल्या एका इज्जतदार माणसाला, कॉलर धरून मोठ्या बाईंच्या ऑफिसात नेलं.

मोठ्या बाई शांत होत्या. त्यांनी डायरी घेतली आणि पहिलं पान उघडलं. दादाचं पान.

"हे कोणी लिहिलंय? अक्षर वेगळं आहे."

"माझ्या भावानं."

"मग त्यांनाच बोलवा."

 त्या खुर्चीत बसून मी असा रडलो की बाहेरची पोरं खिडकीशी आली. काकूंनी कॉलर सोडली. पण दाराशीच उभ्या राहिल्या हं! रडणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या त्या.

शेवटी वहिनींना फोन लावला. कंपनीची बस सुटायला वेळ होता, म्हणून त्या रजा टाकून एसटीनं निघाल्या. मी वाट बघत बसलो. अर्धा तास झाला, तास झाला. एक तास वीस मिनिटांनी वहिनी आल्या, कंपनीच्या गणवेशातच. आल्या आल्या सगळं मिटेल, असं मला वाटलं. त्यांनी आधी बाईंना ओळखपत्र दाखवलं, सगळं सांगितलं. मग डायरी वाचली.

"भावजी, सुप्यापर्यंत सगळी मिळून अठ्ठावीस मिनिटं लिवलीत तुमी."

"घड्याळ लावून मोजली!" मी छाती काढली.

"एसटी फाट्यावर थांबली त्ये सोडा. पर कंपनीची बसपन पाऊन तास घेती. तुमी अठ्ठावीस मिनिटात कसं गेला?"

"दुधाची गाडी हाय, पळवावीच लागती…"

"त्याच रस्त्यानं?"

मी डायरी घ्यायला हात पुढं केला, त्यांनी ती मागं ओढली.

"मला स्कूटी घिऊ देत न्हाई, आन् सोता असं पळवताय? एक गेला त्येवढं पुरं न्हाई का?"

 वहिनीला रस्त्यापासून वाचवायला निघालेला शहाणा मी, आणि तोच रस्ता मी किती बेफाम तुडवला त्याचा पुरावा माझ्याच हातानं लिहिलेला! पोरं पळवल्याचा आरोप परवडला. माझ्या मानेला आता कॉलरही जड झाली.

काकूंनी नाक ओढलं. "पानी पी रे," म्हणाल्या. पाणी दिलं, मग चहा आला. चहा पिताना वहिनींनी विचारलं, "काकू, तुमच्या हिकडं भाड्यानं खोल्या असत्यात का?"

"माझ्याच दोन मोकळ्या हायेत, फाटकासमोर. पर ह्यो न्हाई ना ऱ्हानार?"

"न्हाई. मी, माझी पोरगी आन् सासूबाई. ह्ये येऊन जाऊन असतील."

मी दबक्या आवाजात म्हणालो, "वहिनी, अजून संध्याकाळची धार बघायची ऱ्हायलीय…"

"बघून झाली," वहिनी म्हणाल्या. "अनोळखी मानूस जिथं दोन दिवस फाटकाशी उभा राहू शकत न्हाई, तिथंच माझी ओवी शिकनार. तात्यांना मी सांगते."

मे महिन्यात सामान हलवलं. माझ्याच पिकअपनं. पाऊण तासाच्या वाटेला मी दीड तास घेतला. वहिनी शेजारी बसून घड्याळ बघत होत्या.

गाई गावीच, मीही गावी, पण सकाळचं दूध पोचवलं की दुपारी ओवीला शाळेतून घ्यायला जातो. सावकाश. तिथं नियम आहे, फोटोचं कार्ड दाखवल्याशिवाय कुणाच्याही ताब्यात पोर देत नाहीत. मला वाटतं, हा नियम माझ्यामुळंच आला असावा. वहिनींनी फोटो द्यायला सांगितलं होतं, मी विसरलो. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "असू द्या, आमच्याकडे आहे तुमचा."

आणि खरंच होता! डोळे वटारलेले, तोंड आ वासलेलं, आणि कॉलरवर काकूंची अंगठीवाली दोन बोटं. खाली छापलंय, 'नाते: काका'.

रोज दुपारी मी ते कार्ड दाखवतो. वॉचमनमामा डुलकीचं अजून विसरलेले नाहीत. ते फोटोकडं बघतात, माझ्याकडं बघतात, आणि सगळ्या पालकांसमोर म्हणतात, "तोंड उघडा जरा. वळख पटंना."

आणि मी उघडतो.