भडंगावरचं लिंबू

सातारा-सांगली एसटीत शेजारच्या मावशींनी विचारलं, "डबीत काय हाय?" मी झाकण उघडलं आणि त्यांनी भडंगावर पिळलेल्या लिंबाचा थेंब आतल्या माझ्या प्रयोगाच्या काचपट्टीवर उडाला. तिच्यावर महिनाभर खपून विद्युतभारित पॉलिमरचे पातळ थर चढवले होते. आंबट लागताच ते फुगले, निळ्याचा पिवळा रंग झाला. मावशींनी जीभ चावली, बाटलीतलं पाणी ओतलं. पुन्हा निळा.

"आवं दादा, ह्ये आंबट विसरतंय की," त्या हरखल्या. "परत पिळू?"

कराड ते इस्लामपूर आम्ही खिदळत पिळत होतो, धूत होतो. कंडक्टरनेही एकदा पिळलं. उतरताना मावशींनी उरलेली फोड माझ्या हातावर ठेवली.

सांगलीच्या कॉलेजात प्रयोग दाखवताना मी आम्लाची बाटली उघडलीच नाही.