खंडेनवमीला घासलेला गिअर

मी नोकरीत काय करते, हे नारायण पेठेतल्या शेजारच्या आजोबांना एकदा सांगितलं. गिअरच्या दातांवर खड्डे कधी पडतील, ते आधी सांगायचं. आजोबा म्हणाले, "पुण्यात खड्ड्यांचं भाकीत करायला हिंजवडीपर्यंत कशाला जावं लागतं?"

तेव्हा मी हसले. पण ते दिवस काही हसण्याचे नव्हते. आमचा नवा गिअरबॉक्स शहरातल्या बसमध्ये बसणार होता आणि माझं गणित सांगत होतं, हे दात टिकायचे नाहीत. दोन दातांच्या मधे तेलाचा पापुद्रा असतो. तो पातळ पडला की धातूवरचे बारीक उंचवटे एकमेकांना घासतात, पृष्ठभाग थकतो आणि टवके उडतात. आमच्या साहेबांचं म्हणणं एकच: चाचणीत पास झाला की गिअरबॉक्स बाजारात आणि तुमचं गणित कपाटात.

चाचणी दसऱ्याआधी सुरू झाली. मी सांगितलेली वेळ आली आणि गेलीही. दात धडधाकट! "मग, ज्योतिष कार्यालय कधी उघडताय?" साहेबांनी विचारलं. अस्सा संताप आला! गणित पुन्हा तपासलं, चूक सापडेना. शेवटी मी तडक चाचणी चालली होती त्या भोसरीच्या शेडमध्ये गेले आणि गिअरबॉक्सचं झाकण उघडायला लावलं. दात आरशासारखे चकाकत होते. आमचा नवाकोरा गिअरसुद्धा इतका गुळगुळीत नसतो.

"हे कोणी केलं?"

"मीच की," यंत्र सांभाळणारे काका कौतुकाने म्हणाले. "खंडेनवमीला पूजेआधी झिरो नंबरचा पॉलिश पेपर मारला. असल्या काळपट दातांना हळदकुंकू कसं वाहायचं, ताई?"

मी कपाळावर हात मारून घेतला. उंचवटेच घासून टाकल्यावर खड्डे पडणार कुठून? आणि ओरडू तरी कशी? त्या दिवशी मीही लॅपटॉप पुसून त्याला झेंडू वाहिला होता.

साहेब ऐकेनात. "आता वेळ नाही. पास म्हणजे पास."

"बसमध्ये जाणारा प्रत्येक गिअर काका हाताने घासून देणार आहेत का? नसतील, तर चाचणीच्या अहवालावर माझी सही मिळणार नाही." नोकरी गेली तर गेली, असं ठरवूनच मी बोलले होते. साहेब चिडले, पण दोन दिवसांनी गिअरची नवी, न घासलेली जोडी लावायला त्यांनी परवानगी दिली.

यंत्र पुन्हा फिरू लागलं. खड्डे पडावेत म्हणून देवाला साकडं घालणारी पुण्यात मी एकटीच असेन.

आणि पडले! दाताच्या मध्याच्या जरा खाली, मी सांगितलं होतं तिथेच.

साहेब भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. आवाज पार उतरला होता. "केवढी मेहनत घेतली होती सगळ्यांनी. आता तुमचं अभिनंदन करू, की रडू?"

"रडा नंतर, सर," मी म्हणाले. "आधी काकांसारखं घासणारं मशीन मागवा."