लाल गाडी आणि पातळ वरण

सकाळचे पोहे संपले की सिंधूच्या मेसमधली पोरं हात धुऊन आधी फाटकाशी जात आणि सरांची लाल गाडी ढकलत. मग क्लासला. एखाद्या दिवशी गाडी आपणहून सुरू झाली तर पोरं टाळ्या वाजवत, आणि आत बसलेल्या सरांना त्या कौतुकाच्या वाटत.

सर म्हणजे सिंधूचे यजमान, शिवशंकर. लातुरात फिजिक्सचे क्लास घेत. खेड्यांतून आलेली त्यांचीच पोरं घरामागच्या पत्र्याच्या खोलीत सिंधूच्या हातचं जेवत. गल्लोगल्ली क्लास निघाले तसं एका क्लासवाल्याने आपल्या टॉपरची घोड्यावरून मिरवणूक काढली. सरांना घोडा कमी वाटला. त्यांनी हैदराबादहून दोन दारांची परदेशी स्पोर्ट्स कार आणली, सेकंडहँड. "नवीच्या पाव किमतीत!" पेढे वाटताना ते सगळ्यांना सांगत होते. सिंधूने चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. पाव किमतीत का मिळाली, हे तिने विचारलं नाही.

ते गाडीनेच सांगितलं. पेट्रोल ती पाण्यासारखं प्यायची. दर गतिरोधकावर पोट घासायची. उन्हाळ्यात चौकापर्यंत जाऊन तापायची. बारीकसा भाग मोडला तरी हैदराबादची वाट बघायची. टायरचा भाव ऐकून सिंधूला वाटलं, चारींचा असेल. तो एकाचा होता.

नांदेडहून बोलावलेला मकबूल मिस्त्री बॉनेटमधून डोकं बाहेर काढून म्हणाला, "भाभी, ही गाडी न्हाई, जावई हाय. मानपान करा, गोडधोड घाला, कामाचं तेवढं सांगू नका."

"विकली तर?" सिंधूने विचारलं.

"घेणारा आधी खर्च विचारतो. एखादी म्हैस येईल तेवढ्यात. बरी दुभती."

सर हसले नाहीत. "निकाल लागू दे. टॉपर यातून मिरवला की ॲडमिशनला रांग लागेल."

निकालाला अवकाश होता. तोवर गाडी पोसायला पाहिजे होती, आणि क्लासची कमाई जागेच्या भाड्यातच जायची. मेसचे पैसे सिंधू धान्याच्या डब्यात ठेवी. ते तिने स्वतःच्या हाताने काढून दिले. सरांनी हट्ट धरला नव्हता. एकदा या गाडीतून ती कंधारला नणंदेकडे गेली होती. नणंदेची सासू, जी एरवी उंबऱ्यातूनच 'या' म्हणायची, रस्त्यापर्यंत आली आणि सिंधूचा हात धरून तिने तिला उतरवून घेतलं. ते सिंधूला फार आवडलं होतं.

मग रविवारचा शिरा बंद झाला. तुरीत मसूर मिसळली. पुढे मसूरही कमी झाली आणि पाणी वाढलं. लसूण-मिरचीची फोडणी झणझणीत दिली की पातळपणा लपतो, हे तिला कळलं. पोरं दुसऱ्यांदा वरण मागत नसत. पुरलं म्हणून तिला बरं वाटे.

एकदा वाढताना मात्र ती दचकली. वाटीतल्या पातळ वरणात छपराचा पत्रा दिसत होता. भूकंपात तिचं गाव पडलं तेव्हा ती परकर-पोलक्यातली पोर होती. शेडमध्ये राहताना थाळी घेऊन रांगेत उभं राहायचं. सुरुवातीला गावोगावहून भाकरींचे ट्रक यायचे, नंतर नुसती मोठ्या पातेल्यातली आमटी, आणि तीत असाच पत्रा दिसायचा. वाढणारा माणूस मान वर करत नसे. तेव्हा तिला तो माणूस गर्विष्ठ वाटायचा. आता कितीतरी दिवसांत तिनेही कुणा पोराच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात रेणापूरकडून मारोतीचे वडील, अण्णाराव, आले. मारोती मेसमधला सगळ्यात लाजाळू मुलगा. अण्णारावांच्या खांद्यावर अर्धं पोतं होतं. ते त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी उतरवलं.

"घरची तूरडाळ हाय, ताई. आवंदा चांगली झाली."

"कशाला काका? मेसचे पैसे देताच की तुम्ही."

"असू द्या. घरात अडचण येती कुणाच्या बी."

सिंधूच्या कानांच्या पाळ्या तापल्या. फाटकाशी ताडपत्रीखाली गाडी झाकलेली होती, तिच्याकडे त्यांची नजर गेली. सिंधू घाईने म्हणाली, "ते व्हय? सरांच्या मित्राची गाडी हाय. जागा न्हाई म्हणून ठिवलीय."

अण्णाराव फक्त "हाव" म्हणाले.

ती चहा टाकायला आत वळली आणि बाहेर सरांचा आवाज आला. दुपारच्या बॅचला उशीर झाला होता. सिंधू पातेलं तसंच ठेवून धावली. ताडपत्री बाजूला पडली होती, सर स्टेअरिंगवर होते आणि मागे खांदा लावून अण्णाराव एकटेच ढकलत होते. डोक्याचा रुमाल सुटून मातीत पडला होता.

"काका, अजून थोडा जोर!" खिडकीतून सर म्हणाले.

"थांबा," सिंधू म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "काका, सोडा ती. ती आमचीच गाडी हाय. मी खोटं बोलले."

अण्णारावांनी रुमाल झटकला. "ठावं हाय मला. मारोती म्हणला, सरांच्या गाडीला लई खर्च हाय, मावशी तरी काय करील. म्हणून तर डाळ घेऊन आलो."

सिंधूला कुठे बघावं कळेना. सर गाडीतून उतरले आणि दार लावत राहिले. ते लागत नव्हतं.

"मकबूलभाईंना फोन लावा," ती म्हणाली.

"अगं, निकाल..."

"पोरं चालत मिरवतील. म्हशीच्या भावात तर म्हशीच्या भावात."

सर पुस्तकं काखेत मारून चालत क्लासला गेले.

अण्णाराव रात्रीच्या जेवणाला थांबले. सिंधूने पोत्यातली डाळ शिजवली, नुसती हिंग-हळदीची, मिरचीशिवाय. पंगतीत ती मान खाली घालून वाढत पुढे सरकली, तेवढ्यात मागून मारोतीने वाटी पुढे केली.

"मावशी, अजून वाढा."

मग शेजारच्याने केली. मग त्याच्या पलीकडच्याने. इतके दिवस त्यांचं पोट भरत नव्हतं. ती वाढत गेली, आणि मान वर करणं तिला काही केल्या जमलं नाही.