आखाजीला उतरवलेलं धाबं

आमच्या शेजारचा भिलाआप्पा म्हणजे घाईचा माणूस. विसरवाडीची बस आठला असली तर हा साडेसहालाच फाट्यावर उभा. मला त्याच्या घाईचा राग यायचा, आजही येतो. त्या घाईपायीच त्याचं घर गेलं.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. त्याच्या घरावर मातीचं धाबं होतं. पावसाळ्यात ते गळायचं आणि त्याची बायको धनुबाई, आधीच दम्यानं खंगलेली, खाट ओढत कोरडी जागा शोधायची. पत्रे तेव्हा कंट्रोलात. दोन वर्षं खेटे घालून आप्पानं परमिट मिळवलं, पत्रे अंगणात आले. पण नगरपालिकेचा नियम असा, की ओव्हरसियरनं जुनं छप्पर पाहून शेरा मारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. आप्पानं अर्ज दिला. ओव्हरसियर काही येईना.

तेवढ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. त्या दिवशी काम काढायचं तर आमच्याकडे भटजीलाही विचारत नाहीत. आप्पानं अर्थ लावला, कोणालाच विचारायचं नाही. मी म्हटलं, "आप्पा, साहेबाला येऊन जाऊ दे."

"आखाजीले कसाना साहेब?" म्हणाला, आणि दुपारपर्यंत धाबं खाली.

आठवड्यानं ओव्हरसियर आला. उघड्या भिंती पाहून म्हणाला, "छप्परच नाही, तर दुरुस्ती कसली? हे नवीन बांधकाम झालं. नकाशा जोडून अर्ज करा. तोवर काम बंद." आप्पा पाया पडला. साहेबानं दाराला नोटीस चिकटवली आणि निघून गेला.

नकाशा दोनदा परत आला. मी कानीकपाळी ओरडलो, बाबा रे, टाक ते पत्रे, होईल ते होईल. पण आता हा नियमाला घाबरलेला. आषाढात मातीच्या भिंती भिजल्या आणि एकेक करून बसल्या. धनुबाईला आम्ही आमच्या ओसरीत आणलं. तिचा दमा वाढतच गेला. पोळ्याच्या आधी ती गेली.

पोळा झाल्यावर ओव्हरसियर तपासणीला आला. चिखलाच्या ढिगाऱ्याभोवती फिरला आणि आप्पाच्या हातात कागद देऊन गेला. आप्पाला वाचता येत नव्हतं. मी वाचला: 'जागेवर घर आढळले नाही. सबब छपराच्या परवानगीची आवश्यकता नाही.'

आप्पानं कागद घडी करून खिशात ठेवला. मग मला विचारलं, "मंग आते पत्रा टाकू ना?"